बाबा उठले

सकाळी सहाच्या ठोक्याला मोबाइल वाजला: ‘बाबा उठले.’ माझं डोकंच फिरलं. बाबा माझ्यासमोर हॉस्पिटलच्या खाटेवर होते, परवा बाथरूममध्ये पडल्यापासून.

त्यांच्या चहाच्या डब्याखाली तो सेन्सर मीच बसवला होता, स्वस्तातल्या एका बोर्डाला तारा सोल्डर करून. त्यांनी डबा उचलला, की मला पुण्यात मेसेज. जन्मभर रेडिओ दुरुस्त केलेल्या बाबांनी त्यात गुपचूप टायमर घातला होता.

“परवा पडलात तेव्हाही मेसेज आलाच होता! शेजारच्या काकू आल्या नसत्या तर?” मी ओरडले. “जिवाशी खेळता?”

“ओरडू नकोस,” बाबाही उसळले. “आधी रोज फोन करायचीस. डबा बोलायला लागला, तशी तू गप्प झालीस. दोन महिने रोज बरोब्बर सहाला मेसेज. रविवारीसुद्धा. तुझा बाप रविवारी कधी आठच्या आत उठलाय?”