बोळाकडची खिडकी

"शहराच्या संग्रहालयात हुबेहूब तुझ्या आईसारखा पुतळा आहे," असं जुन्या शेजारणीने सांगितलं, म्हणून सत्तरीला आलेली द्रौपदा तिकीट काढून आत गेली. संग्रहालय म्हणजे पूर्वीची कापसाच्या व्यापाऱ्याची हवेली. तिची आई तिथे स्वयंपाकाला होती आणि एक दिवस कामावरून घरी परतलीच नाही. "पळून गेली कुणाबरोबर तरी," असं हवेलीतून कळवलं होतं. द्रौपदा तेव्हा तिसरीत होती.

स्वयंपाकघरात चुलीपुढे मातीची बाई बसली होती. नाक आईचंच होतं, हनुवटीवरचं गोंदणही तेच. द्रौपदाचा पाय तिथून निघेना.

"मावशी, या फोटोवरून केलाय पुतळा. शेटजींच्या घरच्यांनी दिला," संग्रहालयातली मुलगी म्हणाली. फोटोत आई याच चुलीपुढे बसली होती, वाळलेली दिसत होती. मांडीवर बाळ होतं आणि खाली शाईने लिहिलं होतं, दिवाळी १९६६.

"साल चुकलंय. ती चौसष्टलाच गेली," द्रौपदा म्हणाली.

"नाही हो. हे बाळ म्हणजे शेटजींचा नातू. त्याचा जन्मच पासष्टचा."

द्रौपदा भिंतीला धरून खाली बसली. मुलीने घाईघाईने पाणी आणलं आणि काय होतंय म्हणून विचारलं. द्रौपदाने पेला हातातच धरून ठेवला. ती चुलीवरच्या, बोळाकडे उघडणाऱ्या खिडकीकडे बघत होती.

"शाळा सुटली की मी रोज या खिडकीखाली येऊन आईला हाका मारायचे. दोन वर्षं. ती गेली, हे मला पटायचंच नाही," ती म्हणाली. "मग एक दिवस पटलं, आणि मी यायचं सोडलं."