मिंगेलकाकांची क्षमा

१९५४ सालचा पवित्र आठवडा. रत्नागिरीच्या चर्चमध्ये इनास पाद्रीबाबांपुढे गुडघे टेकून पापकबुलीला बसला. शेजारच्या मिंगेलकाकांच्या हापूसच्या कलमावरून त्याने आंबे चोरले होते.

"नुसत्या प्रार्थनेने भागायचं नाही," पाद्रीबाबा म्हणाले. "ज्याचं घेतलंस त्याच्यापाशी जाऊन कबूल कर."

इनास तसाच काकांच्या अंगणात गेला. काका मुंबईच्या बोटीसाठी आंब्याच्या पेट्या बांधत होते.

"काका, तुमचे आंबे मी चोरले," तो कसंबसं म्हणाला. "माझ्या बायकोला, फिलोमिनाला, डोहाळे लागलेत, नि विकत घ्यायची ऐपत नाय. मोह आवरला नाय मला. माफ करा." आणि तो रडायलाच लागला.

काकांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "अरे, प्रभूने क्रुसावरून वैऱ्यांनाही क्षमा केली. तू तर आमच्या पोरासारखा. जा, पुन्हा असं पाप करू नको हां." वर पेटीतले चार पिकलेले आंबेही त्यांनी त्याच्या हातात ठेवले.

"काका, तुमच्यासारखं मन देवाने सगळ्यांना द्यावं," म्हणत इनास डोळे पुसत निघाला.

तो दिसेनासा झाल्यावर काकी दारातून हळूच म्हणाल्या,

"त्याच्या बापाने लावलेलं कलम ते. तुम्ही हद्दीचा गडगा सरकवून आपल्यात घेतलंत, तेव्हा हा पाळण्यात होता, म्हणून बरं!"