वेगळा चॅनल

घाटात गॅसचा टँकर उलटला होता. वरच्या वळणावरून हवालदार शैलजा कोळंबकरला फुटलेली टाकी दिसली. पांढरा गॅस रस्त्यावरून खाली सरकत होता. खालून अग्निशमन दलाचे चार जवान चढत येत होते. कड्याआडून त्यांना तो दिसत नव्हता.

तिने वॉकीटॉकी तोंडाशी धरला. "कंट्रोल, फायरवाल्यांना मागे फिरवा! टाकी फुटलीय!"

"मॅडम, त्यांचा चॅनल वेगळा आहे, आपलं त्यांना ऐकू जात नाही. त्यांच्या ऑफिसला फोन लावतोय."

फोन लागेना. शैलजा कठड्यावर चढून ओरडली, दोन्ही हात जोरजोरात हलवू लागली. आवाज वाऱ्यात विरला, पण पुढच्या जवानाने वर पाहिलं आणि हात उंचावला. तिला हायसं वाटलं.

तो सोबत्यांकडे वळला. "पोलीस बोलावतायत, पळा!"

चौघेही वर धावत सुटले.