भिंतीवरची रेघ

"वर, अजून वर. बोटं चालू द्या भिंतीवर," असं म्हणत तृप्तीने टेकचंदचं कोपर खालून उचलून धरलं.

दारात उभ्या असलेल्या वच्छलाने पदर तोंडाशी नेला. नवऱ्याचा हात परक्या पोरीच्या हातात, आणि नवरा खुशाल हसत होता.

टेकचंद चिखल्याच्या खाणीत कामाला होता. उन्हाळ्यात आंबागडच्या वळणावर मोटारसायकलवरून पडला आणि उजव्या खांद्याचं हाड मोडलं. हाड जुळलं, पण खांदा आखडून बसला. हात छातीच्या वर जाईना. तेव्हापासून तुमसरच्या दवाखान्यातली फिजिओथेरपीवाली तृप्ती स्कुटीवरून घरी येऊ लागली. ती खांद्याला शेक द्यायची, हळूहळू तो मोकळा करायची, मग व्यायाम घ्यायची. बोटं चढत चढत जिथवर पोचतील तिथे भिंतीवर कोळशाने रेघ ओढायची आणि म्हणायची, "पुढच्या खेपेला हिच्या वर."

"वहिनी, इकडे या," तृप्तीने हाक मारली. "असा धरून वर न्यायचा. रोज तुम्हीच करून घ्या."

वच्छला उंबऱ्यातून हलली नाही.

"राहू द्या जी. मले नाही जमत."

"रुसली तुमच्यावर," टेकचंद तृप्तीला म्हणाला, आणि दोघंही हसली.

सासू गिरजाबाई बाजेवर बसून कौतुकाने पाहत होती. "पोरीच्या हाताले गुण हाये. अन् माझ्या पोराचा हातबी असातसा नाही, बापावर गेला. वच्छले, तू त लिंबू खाल्ल्यावानी तोंड करून उभी राह्यते."

वच्छला जळत होती, यात खोटं काही नव्हतं. ती पोरगी किती बिनधास्त त्याचा हात धरायची! ओढायची, दाबायची, वर "घाबरता काय, भाऊ?" म्हणून त्यालाच दटावायची. वच्छलाला इतक्या वर्षांत तसं कधी जमलं नव्हतं.

आणि नवरा तरी तिच्या वाट्याला कधी आला होता? लग्न झाल्यापासून तो तिला 'ए' म्हणून हाक मारायचा. खांदा मोडला तेव्हापासून 'वच्छला' म्हणू लागला. ती घास भरवायची, शर्टाची बटणं लावायची, केसांतून फणी फिरवायची. "वच्छला, थोडी पाठ खाजवून दे नं," तो लाडात म्हणायचा. भाजी अळणी झाली तरी गुमान खायचा. आखडलेल्या खांद्याने तिला एक नवाच नवरा दिला होता, आणि ही स्कुटीवाली तो काढून घ्यायला निघाली होती. वच्छलाला तिचा राग राग यायचा.

एका दुपारी बांगडीवाली दाराशी टोपली टेकवून बसली.

"काहून बाई, अक्षय तृतीयेपासून एक बांगडी नाही घेतली? अगुदर त दर बाजाराले घेत होती."

"फुटल्याच नाही, त कायले घेऊ?" वच्छलाने हात पुढे केले. दोन्ही मनगटं हिरव्या बांगड्यांनी भरलेली होती.

"यंदा वावरात नाही गेली वाटते."

"नाही जी. घरीच यांचं करून राहिली."

बांगडीवालीने टोपली उचलली. वच्छला बराच वेळ बांगड्या मनगटावर फिरवत बसली.

रेघ दर खेपेला वर चढत होती. छातीवरून गळ्यापर्यंत, गळ्यावरून हनुवटीपर्यंत. एक दिवस तृप्ती आली, तर भिंत पांढरीफेक. वच्छलाने चुना मारून टाकला होता. दिवाळी अजून लांब होती.

शेजारणींना बोलायला विषयच मिळाला. "कशी जळते पाह्य!" त्या विहिरीवर म्हणाल्या. टेकचंद नुसता गालात हसला. बायको आपल्यापायी जळते म्हटल्यावर कोणता नवरा रागावेल?

तृप्तीने मात्र तिला मागच्या अंगणात गाठलं.

"वहिनी, माझा राग येते का तुम्हाला?"

वच्छला भांडी घासत राहिली.

"माणूस तुमचाच आहे. हात बरा झाला की मी कायले येईन?"

"नाही झाला बरा, त?"

"होईल ना. नाहीतर खाणीत काम कसं करतील?"

"घरी बसले तरी चालते मले. मी रोजीनं जाईन. पोशीन."

"असं काहून म्हणता?"

वच्छलाने हातातली राख झटकली. "असाच माझा हाये तो."

तृप्तीला तिची दया आली आणि थोडं हसूही आलं. इतकं प्रेम बरं नव्हे, असं तिच्या मनात आलं. तिने आत जाऊन भिंतीवर नवी रेघ ओढली, आधीच्यापेक्षा वर.

दिवाळीच्या आधी टेकचंदचा हात सरळ वर गेला. दंड कानाला टेकला. गिरजाबाईने तृप्तीच्या हातावर साखर ठेवली. टेकचंदने स्वतःच्या हाताने भांग पाडून दाखवला. "आता माझं काम संपलं, वहिनी. सांभाळा तुमचा माणूस," असं म्हणून तृप्तीने स्कुटी सुरू केली. वच्छला फाटकापर्यंत तिच्या मागे गेली.

"अजून थोडे दिवस आली असती, त?" ती हळूच म्हणाली.

तृप्तीला वाटलं, बाईचं मन निवळलं. ती हात हलवून निघून गेली.

जेवायची वेळ झाली. वच्छलाने ताट वाढलं आणि सवयीने घास करायला बसली. टेकचंदने तिचा हात बाजूला सारला आणि स्वतःच भात कालवला. पहिला घास तोंडात घातला आणि तो थांबला. गिरजाबाई बाजेवरून उठली आणि गुपचूप बाहेर गेली.

"ए," टेकचंद म्हणाला. "भाजीत मीठ काहून नाही?"

त्याचा उजवा हात वर गेला, सरळ, कानाच्याही वर, तृप्तीने शिकवला होता अगदी तसाच; वच्छलाने दोन्ही हातांनी डोकं झाकून घेतलं, आणि उन्हाळ्यापासून टिकलेल्या तिच्या बांगड्या फुटल्या.