पाच जणांचं पार्क

“टाच टेकव, देवांग. चीटिंग नाही,” आन्या म्हणाली. सहा वर्षांच्या भावाच्या डोक्यावर तिने पुस्तक आडवं धरलं आणि भिंतीवर पेन्सिलीने रेघ ओढली. चव्वेचाळीस इंच. मोठ्या रोलरकोस्टरला अठ्ठेचाळीस लागत.

“जाड सोलचे बूट घातले तर अठ्ठेचाळीस भरतील की,” सत्यजितने तोडगा काढला.

“बाबा, तो रूल सेफ्टीसाठी असतो.” आन्याने बापाला गप्प केलं आणि लॅपटॉपवर आकडा टाकला.

पोळ्या लाटता लाटता विनीता लेकीकडे बघत होती. अमेरिकेतल्या डब्लिनमधल्या त्यांच्या घरात रविवारी दुपारी जेवणाआधी हीच बैठक चालली होती. ऑगस्टमध्ये चार दिवसांची सुट्टी होती आणि कुठल्या पार्कात जायचं हे ठरवायचं काम पंधरा वर्षांच्या आन्याने आपणहून अंगावर घेतलं होतं. विनीताला वाटलं होतं, ही सगळ्यांत उंच रोलरकोस्टर शोधेल आणि घरादाराला तिथे ओढत नेईल. पण पोरीने चक्क तक्ता केला होता. डावीकडे घरातली पाच माणसं, वर तीन पार्कं, आणि मधल्या प्रत्येक चौकोनात कोणाला काय आवडेल, कोण कुठे कंटाळेल. वॉटर पार्क बाद, कारण तिथे आजी दिवसभर ओल्या टॉवेलांची राखण करत बसली असती. फ्लोरिडा बाद, कारण तिथलं ऊन. उरलं ते दोन तासांवरचं, सरोवराकाठचं. तिथे तिच्यासाठी आणि बाबांसाठी कोस्टर होते, चव्वेचाळीस इंचांसाठी छोट्या मोटारी होत्या आणि एक भलामोठा आकाशपाळणा होता. विनीताच्या ऑफिसात पगारी मॅनेजरांनाही असलं नियोजन जमत नाही. तिला लेकीचं भारी कौतुक वाटलं.

“मग ठरलं. दोन रूम बुक करतो,” सत्यजित म्हणाला.

“माझं नका धरू.” सासूबाई टेबलाशी बसून गवार मोडत होत्या. “तुम्ही चौघं जाऊन या. मी आपली घरी बरी. घरी कोणीतरी हवंच.”

घरी कोणीतरी कशाला हवं होतं, देव जाणे. दाराला अलार्म होता, कुत्रं-मांजर नव्हतं आणि कुंड्यांना शेजारीण पाणी घालायची.

“झेपणार नसेल तर राहू दे, आई,” सत्यजित लगेच म्हणाला. “तिथे पंधरा-पंधरा हजार पावलं चालणं होतं.”

“आणि रांगाही फार असतात हो,” विनीताने भर घातली. चार दिवसांची आमटी-भाजी डब्यांत भरून फ्रीजमध्ये कशी लावायची, याचा विचार तिने सुरूही केला. खरं सांगायचं तर तिला जरा हायसंच वाटलं.

आन्याने लॅपटॉपवरून मान वर केली. “आजी, तुला यायचंय का?”

“अगं, मला कुठे जमतंय आता...”

“जमतंय का, असं नाही विचारलं. यायचंय का? डू यू वॉन्ट टू?”

“आन्या, मोठ्यांशी असं...” विनीता बोलायला गेली आणि थांबली. आजवर तिने सासूबाईंना खूप विचारलं होतं. जमेल ना, झेपेल ना, चालेल ना. काळजीनेच विचारलं होतं. पण यायचंय का, हे अठरा वर्षांत एकदाही विचारलं नव्हतं. इथे जन्मलेल्या, अर्धंमुर्धं मराठी बोलणाऱ्या पोरीने ते सरळ विचारून टाकलं. विनीताला मघाच्या त्या हायसं वाटण्याची लाज वाटली.

सासूबाईंच्या हातातली शेंग हातातच राहिली. मग खाली बघत त्या म्हणाल्या, “यायचंय. तो मोठा पाळणा बघितला मी तुझ्या कॉम्प्युटरवर. पण व्हीलचेअरवर बसून नाही येणार.”

“अहो आई, एअरपोर्टवर बसलात की,” विनीता म्हणाली.

“एअरपोर्टची गोष्ट वेगळी. तिथे सगळ्यांच्याच आया बसतात. धडधाकट असल्या तरी बसतात, इंग्रजी बोलायला नको म्हणून.” सत्यजितला हसू आलं. सासूबाई हसल्या नाहीत. त्या त्याला म्हणाल्या, “पण सुट्टीला जायचं आणि तू मला दिवसभर ढकलत हिंडायचं, नातवंडांनी ते बघायचं. मला नाही सहन होणार रे.”

सत्यजितने चष्मा काढून पुसायला घेतला. विनीताने गॅस बंद केला.

आन्या खुर्ची ओढून आजीला खेटून बसली. “कोणी ढकलणार नाही. हे बघ. इलेक्ट्रिक स्कूटर. गेटवरच मिळते. तू स्वतः ड्राइव्ह करायची. मी फोन केला होता, तुझ्या नावाने एक ठेवलीय त्यांनी.”

“कधी केलास फोन?” विनीताने विचारलं.

“ट्यूजडेला.”

म्हणजे आजी नको म्हणणार, हे पोरीने पाच दिवसांपूर्वीच ओळखलं होतं. आणि ते ‘नको’ तिने खरं मानलं नव्हतं. विनीताला तिला जवळ घ्यावंसं वाटलं, पण हात पिठाचे होते.

सासूबाईंनी कपाळावरचा चष्मा नाकावर घेतला आणि स्क्रीनला नाक लागेल इतक्या जवळ जाऊन ती गाडी पाहिली. आधी चाकं पाहिली. मग सीट. मग पुढची बास्केट. हँडलपाशी येऊन त्या बराच वेळ थांबल्या.

“पण आई, गर्दी केवढी असते तिथे,” सत्यजित म्हणाला. “माणसं एकदम आडवी येतात.”

सासूबाईंनी त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

“आन्या,” त्या म्हणाल्या, “ह्याचा हॉर्न कुठे असतो गं?”