चार दिवस लिस्बन

लग्नाला नऊ वर्षं झाली, तरी जयदीप आणि मोनिका दोघंच असे कधी फिरायला गेले नव्हते. प्रत्येक सहलीला जयदीपचे आई-दादा सोबत असायचेच. या वेळी मोनिकाने गुपचूप चार दिवसांचं लिस्बन ठरवलं. जुनी ट्राम, समुद्र आणि फक्त दोघं. दिघीच्या घरी मात्र सांगितलं, "कंपनीचं ट्रेनिंग आहे, बंगळुरूला."

व्हिसाच्या ऑफिसात रांगेत पुढे उभ्या असलेल्या बाईंनी पदर सावरत मागे पाहिलं. छबूबाई, जयदीपची आई! शेजारी नवा गॉगल लावलेले त्याचे वडील दादासाहेब, हातात लिस्बनच्या हॉटेलचं बुकिंग.

"आई, घरात काही बोलली नाहीस?" जयदीप कसाबसा म्हणाला.

छबूबाई लाजल्या.

"बोलले असते, तर तुमीबी संगं आला असता की रं!"