उमरठच्या गाडीचे टायर

विनाअनुदानित शाळेचा जमाखर्च आणि बसगाड्या, दोन्ही सुशांतच बघायचा, आणि पैसा वाचवण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. उमरठच्या गाडीचे नवे टायर काढून त्याने वरंधच्या गाडीला चढवले आणि आरटीओतून तिचं पासिंग करून आणलं. अध्यक्षांनी पाठ थोपटली.

शाळा सुटायच्या आधी वरंधच्या गाडीचा म्हातारा ड्रायव्हर धोंडू दारात येऊन उभा राहिला. "सर, आजच्या दिवस ऱ्हाऊ देत नवे टायर माझ्या गाडीला. रस्ता वला हाय, नि जुने पार गुळगुळीत झालेत."

"नको मामा. उमरठच्या गाडीला परत लावा."

उमरठच्या गाडीने सुशांतची मुलगी समीक्षा घरी जायची. धोंडू जागचा हलला नाही.

"सर, माझ्या गाडीत माझी नात हाय."

सुशांतने मान वर केली नाही. "मग तिला बसवू नका. संध्याकाळी मी सोडतो."

टायर बदलले. शाळा सुटली. धोंडूने नातीला ऑफिसातल्या बाकावर बसवलं आणि गाडी सुरू केली. खिडक्यांतून बाकीची पोरं तिला टाटा करत होती.